आईनं वर्गात बसायचं

गोव्यातल्या लाटंबार्श्याच्या डोंगरावर काजूचा हंगाम उतरणीला लागला होता आणि विनिताच्या बोटांची कातडी सालपटासारखी सुटत होती. बोंडू पिळून बी वेगळी करायची म्हणजे चीक लागणारच. खोबरेल लावा, राख चोळा, चीक कुणाचं ऐकत नाही. दुपारी झाडाखाली टेकून ती मोबाईल हातात घ्यायची तेव्हा काचेला तिच्या अंगठ्याची ओळखच पटायची नाही. म्हणून नवऱ्यानं पाठवलेले शाळांचे फोटो ती करंगळीनं सरकवून बघत होती.

शाळा तीन होत्या. तिन्ही इंग्लंडात, आणि त्यांतली एक तिनं आपल्या मुलीसाठी निवडायची होती. मुलगी नऊ वर्षांची, तनया. गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीत. त्या शाळेत चार वर्ग, अकरा मुलं आणि एक बाई. इंग्रजीच्या चार कविता तनया घडाघडा म्हणायची, पण त्यांत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही फारसं नसावं. नाव विचारलं तर उत्तर तयार होतं. त्यापुढे कोणी इंग्रजीत काही विचारलं की पोर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागायची.

देवेश, विनिताचा नवरा, सहा वर्षांपूर्वी विलायतेला गेला. त्याचा बाप सगुण पोर्तुगीज अमलात जन्मलेला. त्या जन्मदाखल्याच्या जोरावर आधी बापाचा आणि मग लेकाचा पोर्तुगीज पासपोर्ट झाला. या भागात घरटी एक तरी असा गेलेला सापडतो. देवेश तिकडे एका गोदामात पेट्या चढवतो. सगळं मशीनच करतं असं तो सांगतो, पण कंबर धरून उठतो ते व्हिडिओत दिसतं.

तनयाची विलायतेला बापाकडे जायची परवानगी मार्चमध्ये आली. जून संपायच्या आत गेली तर गेली, नाहीतर कागद बाद. विनिताची परवानगी आली नाही, आणि येणारही नव्हती, कारण तिचं लग्न उशिरा लागलं होतं. म्हणजे अक्षता वेळेवरच पडल्या होत्या. पण गोव्यात सरकारदरबारी लग्न लागतं ते दोन सह्यांनी. पहिली सही केली की पंधरा दिवस थांबायचं आणि मग दुसरी. या दोघांनी पहिली सही केली, आणि दुसऱ्या सहीची तारीख नेमकी भर काजूत आली. सासू शेवंती म्हणाली, "भाटी पेटलेली आसा नि सही कसली करतात? मंगळसूत्र बांदलां मां?" काजूच्या रसापासून दारू गाळायची भाटी एकदा पेटली की ती सोडून जाता येत नाही, हे खरंच. ती तारीख गेली, आणि मग सगळेच विसरले. सात वर्षांनी कागद काढायला गेले तेव्हा कळलं की रजिस्टरात लग्नच नाही. देवेश रजा काढून आला, धावपळ करून दोन्ही सह्या नव्यानं केल्या. कागदाच्या हिशेबानं तनया सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईबापांचं लग्न लागलं. तोवर विलायतेनं दार ओढून घेतलं होतं. दोन हजार वीस साल संपायच्या आधीची बायको असेल तर या, नंतरची असेल तर दुसऱ्या वाटेनं या. दुसऱ्या वाटेला देवेशचा पगार पुरत नव्हता आणि विनिताचं इंग्रजी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते असं.

विनिता एकदाच म्हणाली होती की राहू द्या पोरीला इथेच. त्यावर घरात कोणी भांडलं नाही. सासूनं आपलं वाढलेलं ताट झाकून ठेवलं, सासरा उठून गोठ्याकडे गेला आणि देवेशनं फोन ठेवला. चार दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. एवढे कागद, एवढी वर्षं, आणि आता ही म्हणते राहू द्या, हे कोणी बोललं नाही, पण घरभर ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी देवेशचा फोन आला.

"शाळा तू ठरय गो," तो म्हणाला. "मागीर म्हणशी, माका कोणी विचारलाच नाय."

चपात्या लाटताना रडणाऱ्या पोराच्या हातात कणकेचा गोळा द्यावा तसलं ते देणं होतं. विनिताला ते कळत होतं. तरी तिनं गोळा घेतला. निदान हातात काहीतरी आलं.

तीनपैकी एका शाळेत जागाच उरली नव्हती, म्हणजे राहिल्या दोन. एक देवेशच्या खोलीपासून पाच मिनिटांवर. मोठी इमारत, मोठं मैदान, मुलांच्या गळ्यात टाय. देवेशबरोबर काम करणाऱ्या पेडण्याच्या सिद्धीचा मुलगा तिथे जायचा. विनितानं सिद्धीला मेसेज करून विचारलं. सिद्धीनं सांगितलं की पहिलं वर्षभर त्याला कोपऱ्यात बसवून हातात एक टॅब्लेट देत होते, त्यात चित्रं बघून शब्द शिकायचे. आता चांगला बोलतो, ती म्हणाली. विनितानं विचारलं की पहिलं वर्ष कसं गेलं. त्यावर सिद्धीनं नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसरी शाळा दोन बस बदलून. इमारत बुटकी, जुन्या विटांची. पण तिथे इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी बाई ठेवली होती. विनिताचं ठरायला एवढं पुरलं.

"थंय तिच्याकडे कोण तरी बोलतला," ती नवऱ्याला म्हणाली. "माका इतकाच होया."

"बोलतली मां. पुर्तुगेज बोलपी मास्तरीण आसा ती."

"आनी तनयाक पुर्तुगेज खंय येता?"

 देवेशनं सांगितलं की फॉर्म त्यानं भरूनही टाकला आहे, आणि मुलीची भाषा या रकान्यात पोर्तुगीज असंच लिहिलं आहे. बापाचा पासपोर्ट पोर्तुगीज, मग पोरीची भाषाही तीच, असं सगळेच लिहितात म्हणे, नाहीतर ती बाई मिळत नाही. दोन आठवड्यांनी शाळेतले लोक फोनवर मुलीला बघणार होते. तोवर बाबा शिकवतील थोडं, तो म्हणाला. बाबा शिकलेत ना.

बाबा शिकले होते, नाही असं नाही. पोर्तुगीज गेले तेव्हा सगुण सात वर्षांचा होता. डिचोलीला मावशीकडे राहून दीड वर्ष त्यानं त्यांच्या शाळेत काढलं होतं, त्यातलं अर्धं हिवतापात. एवढ्या शिदोरीवर म्हातारा मास्तर झाला. कातळात खोदलेल्या हौदात गुडघाभर रसात उभा राहून तो बोंडू तुडवायचा आणि काठावर बसलेल्या नातीला शिकवायचा. आकडे दहापर्यंत यायचे. नमस्कार-चमत्कार यायचे. आणि मांजर दूध पितं असं एक अख्खं वाक्य त्याला साठ वर्षांनी पाठ होतं. ते संपल्यावर दोन दिवस तो नुसताच तुडवत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली.

"अर्दी भास आमच्या घरातच आसा गो," तो तनयाला म्हणाला आणि घराच्या खिडकीकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या टेबलाकडे बोट करत गेला. "तां काय?"

"जनेल."

"झाला. पुर्तुगेज. तां?"

"मेज."

"पुर्तुगेज. सकाळी चायत बुडवन काय खाल्लंस?"

"पांव."

"बघ. तू तर जल्मापासून बोलतंस."

कुयेर म्हणजे चमचा, साबांव म्हणजे साबण, तवाल म्हणजे टॉवेल. म्हातारा रंगात आला होता. विनिता खाली झाडाझाडांतून फिरत, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीनं बोंडू टिपून बादलीत टाकायची आणि वरून ते ऐकू यायचं. हसू यायचं, आणि हसू आल्याचाच राग यायचा. आपलीच पोर आपल्याच घरातल्या चमच्याबशा परक्यांना विकायला बसली आहे असं तिला वाटायचं. पण शाळा तिनंच निवडली होती.

तनया शब्द म्हणायची, पण दिवसेंदिवस जेवण सोडत चालली होती. सकाळची पेज तशीच राहायची. भातात बोटं फिरवून उठायची. तिनं रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं. ती नुसती आईच्या मागे मागे असायची, गोठ्यात, विहिरीवर, न्हाणीच्या दाराशी. एकदा बोंडू पिळता पिळता तिनं विचारलं, "तू आयलंस नाय तर मी कोणाकडे बोलू?" विनिता म्हणाली की बाबा आहेत, बाई आहे. "बाबा कामार," तनया म्हणाली. आणि बाई रात्री थोडीच घरी येणार, हे तिनं न विचारताच सोडून दिलं. शेवंतीनं दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. शेवंतीचा स्वभाव वाईट नव्हता. पण तिच्या हाती होतं ते मिरच्यांपर्यंतच होतं.

फोन आला तो दिवस गुरुवार, दुपारचे अडीच. तिकडे सकाळचे दहा. पडवीत रेंज बरी, म्हणून टेबल तिथे आणून मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. तनयाला शाळेचाच गणवेश घातला, दोन वेण्या घातल्या. विनितानं हात तीनदा धुतले आणि तरी ते पदराखाली घेऊन बसली. सगुण दाराआड उभा राहिला, शेवंती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

पडद्यावर दोन बायका आल्या. एक पांढऱ्या केसांची, ती शाळेची मुख्य. दुसरी तरुण, कुरळ्या केसांची, ती पोर्तुगीज बाई. तिसऱ्या चौकटीत पिवळं जाकीट घातलेला देवेश, मागे कामगारांच्या कँटीनची भिंत.

कुरळ्या केसांची बाई हसून म्हणाली, "बों दिया, तनया."

"बों दिया, सिन्योरा प्रोफेसोरा," तनयानं एका दमात म्हटलं. दाराआड सगुणानं श्वास सोडला तो पडवीभर ऐकू आला.

बाईनं चित्रं दाखवायला घेतली. खिडकी. जनेल. टेबल. मेज. पाव, चमचा. तनया ठणठणीत उत्तरं देत गेली आणि बाई प्रत्येक उत्तराला टाळी वाजवत गेली. विनिताला क्षणभर खरंच वाटलं की हे निभावणार. मग बाईनं चित्रं बाजूला ठेवली, पुढे वाकली, आणि प्रेमानं काहीतरी लांबलचक विचारलं.

बाईनं पुन्हा विचारलं, हळू. तनयानं एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाली, "जनेल." मग कोणी न विचारता एकापासून दहापर्यंत आकडे म्हटले, आणि तिचा अंगठा जमीन उकरायला लागला.

सगुणाला राहवलं नाही. तो दाराआडून पुढे आला, फोनसमोर वाकला आणि मांजर दूध पितं ते वाक्य त्यानं खणखणीत म्हणून दाखवलं. बाईनं दोन्ही हात छातीवर ठेवले. मग आनंदानं ती त्याच्याशीच भरभर बोलू लागली. म्हाताऱ्याला अक्षर कळेना. तो ऐकत राहिला, मान डोलावत राहिला, आणि ती थांबली तेव्हा त्यानं हात जोडले आणि मागे सरकला. त्याच्या पोटऱ्यांना रसाचे डाग होते आणि लुंगी आखूड होती. विनितानं सासऱ्याला इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. तिला त्याची फार दया आली.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी सावकाश इंग्रजीत एक प्रश्न विचारला. त्यातला 'लँग्वेज' एवढा शब्द विनिताला कळला. देवेशनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मराठी."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या बोलत राहिल्या आणि देवेश तुकडे तुकडे करून सांगत राहिला. मराठी बोलणारं त्यांच्याकडे कोणी नाही. पण मुलगी गोड आहे, त्यांना ती घ्यायची आहे. ज्या मुलाला शाळेतल्या कुणाशीच बोलता येत नाही त्याच्यासाठी त्यांच्याकडे एक रिवाज आहे. पहिले दोन आठवडे घरच्या माणसानं दुपारपर्यंत वर्गात, मुलाच्या शेजारी बसायचं. शक्यतो आईनं. त्याशिवाय त्या अशा मुलाला मध्येच घेत नाहीत, सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं, आणि जागा तोवर राखून ठेवत नाहीत. आई येणारच असेल ना बरोबर?

"येस, येस," देवेश म्हणाला. "मदर कमिंग."

तेवढं विनिताला तुकडे न करता कळलं.

पण बाईंना ते आईच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या फोनच्या जवळ आल्या आणि थेट तिच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून विचारलं की तुम्ही येणार का. कोणी तिला काही विचारलं असेल तर ते हेच, आणि तेही साता समुद्रापलीकडच्या बाईनं. विनितानं देवेशच्या चौकटीकडे बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या आणि खाली येत नव्हत्या.

एक 'नो' पुरे होतं. पण नो म्हटल्यानं पोर काही घरी राहणार नव्हती. जागा गेली असती ती फक्त या शाळेतली. मग ती पाच मिनिटांवरची शाळा, तो कोपरा, तो टॅब्लेट, वर्षभर. तिनं नो म्हणून काय मिळवायचं होतं? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तशातली गत.

"येस," विनिता म्हणाली. मग वाटलं की एवढ्यानं त्यांचा विश्वास बसणार नाही, म्हणून म्हणाली, "आय कम."

बाई हसल्या. कुरळ्या केसांच्या बाईनं हात हलवला. पडदा काळा झाला.

आणि तनया आईकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आय कम कळायला काही लागत नाही.

"तू येतलंस?"

विनितानं तिची वेणी सारखी केली. पोरीनं ते हो धरलं. ती उठली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई येतली! वर्गात बसतली माझ्या बाजूक!" शेवंतीनं सुनेकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या संध्याकाळी तनया सोलांच्या कढीबरोबर दोनदा भात मागून जेवली. दोन आठवड्यांनी पोर पोटभर जेवत होती. तिला कोणी काय सांगायचं?

देवेशचा फोन आला तेव्हा विनिता भाटीजवळ लाकडं ढकलत होती. बरं केलंस, तो म्हणाला, आणि आता तनयाला काही सांगू नको. मेच्या शेवटी तो पाच दिवस येणार होता न्यायला. मोपाच्या विमानतळापर्यंत सगळे जाऊ.

"आनी थंय काय सांगतलात तिका?"

"आई मागल्या रांगेत आसा म्हणतलंय. आत गेल्यार परत भायर येवक मेळना."

"आनी शाळेत?"

शाळेला आई आजारी पडली म्हणून कळवायचं, त्याला स्वतःला आणखी रजा मिळणार नव्हती म्हणून दोन दिवस सिद्धीला बसवायचं, मग काय हाकलून देतात थोडेच. त्यानं सगळा विचार केला होता. तो दुष्टपणे बोलत नव्हता. त्याचा आवाज दमलेला होता, आणि मागे कोणीतरी त्याला कामावर बोलावत होतं. विनितानं बरं म्हटलं. आगीची धग तोंडावर येत होती म्हणून डोळे पुसायला कारण होतं.

पुढचे पंधरा दिवस तनया गावभर सांगत फिरली. शाळेच्या बाईंनी विनिताला वाटेत अडवून अभिनंदन केलं. शेजारच्या गौरवीनं दोघींसाठी म्हणून आंबोशीचं लोणचं आणून दिलं आणि नशीब काढलंस हो, म्हणाली. प्रत्येक वेळी तनया पदराला धरून शेजारी उभी असायची, त्यामुळे प्रत्येक वेळी विनिताला हसून मान हलवावी लागायची. मान हलवून हलवून तिला वाटायला लागलं की आपण खरंच कुठेतरी निघालो आहोत. एकदा विहिरीवर पाणी ओढताना तिनं त्या वर्गातलं बाक बघितलं, बुटकं, आणि आपले गुडघे त्यात मावत नाहीत हेही बघितलं. मग कळशी वर आली.

भाटी विझली. हंगाम संपला. देवेश यायच्या आदल्या दिवशी बॅग भरायला घेतली. तेवीस किलोंच्या वर एक गुंजही नेता येत नाही, असं त्यानं बजावलं होतं. विनितानं तनयाचे कपडे घड्या करून ठेवले. तनया खोलीत गेली आणि आईचे दोन पंजाबी ड्रेस, एक साडी आणि देवेशचा जुना जाड स्वेटर घेऊन आली.

"तुजे खंय? थंय थंडी आसा."

"माजे मागीर घेतलंय मी."

"मागीर कधी? फाल्या बाबा येतले." तिनं स्वतःच ते बॅगेत ठेवले, हातानं सारखे केले. विनितानं अडवलं नाही. अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सगुणानं काजूच्या बिया वजन करायचा काटा तुळईला टांगला आणि त्याला बॅग अडकवली. पंचवीस किलो. म्हाताऱ्यानं काट्याकडे बघितलं, मग सुनेकडे. दोन किलो कुठले काढायचे ते त्याला नेमकं ठाऊक होतं. त्यानं बॅग खाली घेतली, चेन उघडली, आणि त्याचा हात विनिताच्या साडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"आईचा काडू नको आजो," तनया म्हणाली. तिनं बॅगेत हात घालून तळातून आपली मराठीची पुस्तकं काढली. चौथीचं बालभारती, गोष्टींची जाडजूड तीन, पाढ्यांचं एक. शाळेच्या बाईंनी ती निरोपाची भेट म्हणून तिला दिली होती आणि तिनं ती सगळ्यात आधी भरली होती.

"गे, ती ऱ्हांव दी," सगुण म्हणाला. "थंय मराठी खंय मेळतली तुका?"

"आई आसा मां थंय," तनया म्हणाली. "पुस्तकां कित्याक?"

तिनं ती फळीवर नेऊन नीट लावून ठेवली. सगुणानं बॅग पुन्हा काट्याला अडकवली. काटा थोडा हलला आणि तेवीसवर थांबला. विनितानं पुढे होऊन चेन ओढली. कपडे वर आले होते, म्हणून तिला आपली साडी दोन्ही हातांनी आत दाबावी लागली.